पडदा वाकडा आहे, ऑपरेशनसोबत नाकाचा शेपही करून घ्यावा का?

निवांत_नाशिककर:
धाकट्या बहिणीची डावी नाकपुडी कायम चोंदलेली, रात्री तोंड उघडं टाकून झोपते, सकाळी घशाला कोरड. ईएनटीवाले म्हणाले दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा आहे, सेप्टोप्लास्टी (पडदा सरळ करायचं ऑपरेशन) करून टाका. आता बाईसाहेबांचं म्हणणं, भूल एकदाच घ्यायचीय तर नाकावरचा उंचवटा पण काढू. आई म्हणते चांगल्या नाकाला हात लावायचा नाही. दोन्ही एकच ऑपरेशन असतं का? आणि मेडिक्लेममध्ये बसतं का?

चहाबाज:
वेगळं असतं. सेप्टोप्लास्टी आतल्या आत होते, बाहेरून नाक होतं तसंच दिसतं (माझं झालंय, कुणाला कळलं पण नाही). दुखण्यापेक्षा वैताग जास्त, आत सिलिकॉनच्या पट्ट्या, शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, आणि मिठाच्या पाण्याने नाक धूत बसायचं. क्लेम श्वासाच्या त्रासासाठी साधारण मिळतो, पण बऱ्याच पॉलिसींत पडदा-सायनसला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो तो बघा. शेपचा खर्च खिशातून, एस्टिमेटच वेगळं मागून घ्या.

रात्रपाळी_ईएनटी:
मी रेसिडेंट आहे, पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. उंचवटा खरवडला आणि तिथल्या कूर्चेला (मऊ हाडाला) नीट आधार दिला नाही तर आतला व्हॉल्व्ह, म्हणजे हवा जायची नाकातली सगळ्यात अरुंद जागा, आवळतो, म्हणजे नाक दिसायला सरळ आणि श्वास आधीपेक्षा वाईट. तो आधार, म्हणजे स्प्रेडर ग्राफ्ट, बहुतेक वेळा पडद्याच्याच कूर्चेतून कापतात. म्हणून आज नुसता पडदा करून कूर्चा काढून टाकली आणि दोन वर्षांनी शेपचं मनात आलं, तर कानाची नाहीतर बरगडीची घ्यावी लागू शकते. तिला खरंच दोन्ही हवं असेल तर आत्ताच सांगा, सेप्टोरायनोप्लास्टी (पडदा आणि शेप एकत्र) नेहमी करणाऱ्याकडे जा. सूज मात्र, विशेषतः शेंड्याची, पूर्ण उतरायला वर्ष लागतं, लग्नाची तारीख धरून हे करू नका.
घरी एक बघा, डाव्या बाजूचा गाल बोटांनी हलकेच कानाकडे ओढून श्वास घ्यायला सांगा. लगेच मोकळं वाटलं तर व्हॉल्व्हचा भाग असू शकतो, डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि अ‍ॅलर्जी असेल तर पडदा सरळ करून ती जात नाही, स्प्रे चालूच राहतो.

खडूस_पेठकर:
आईला सांगा नाकाला हात लावायची परंपरा आपलीच आहे. टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं होतं, ते पुण्याकडच्या वैद्याने कपाळाच्या कातड्याचं नवं करून दिलं, १७९४ ला लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये चित्रासकट छापून आलं होतं. बाकी उंचवटा असू द्या हो, सगळ्यांची नाकं एका साच्यातली झाली तर ओळखायचं कसं.

निवांत_नाशिककर:
गाल ओढून बघितलं, काही फरक नाही. पण विचारता विचारता कळलं की ती नाक मोकळं करायचे ड्रॉप्स रोज रात्री टाकते, गेलं वर्षभर. डॉक्टरांना सांगितलेलंच नाही.

रात्रपाळी_ईएनटी:
अरे देवा. ते आठवड्याच्या वर वापरायचेच नसतात, त्यानेच आतून सूज येऊन नाक बंद होतं. तारीख घ्यायच्या आधी हे डॉक्टरांना सांगा, ड्रॉप्स कसे सोडवायचे ते बघतील, मग परत तपासून घ्या.