मदत हवी आहे : नव्या गाडीचे ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये घरी भरावे का?

किनारा_गुहागर

नमस्कार. गेल्या डिसेंबरात आम्ही आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली. १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची, हाताने गिअर टाकायची लहान हॅचबॅक आहे. आतापर्यंत ती ७,८०० किलोमीटर चालली असून १,००० आणि ५,००० किलोमीटरच्या दोन्ही मोफत सर्व्हिसिंग वेळेवर झाल्या आहेत. पुढची १०,००० किलोमीटरला किंवा वर्ष भरताच होईल, आणि त्यासाठी मला गुहागरहून चिपळूणला जावे लागते. एरवी रोजचे चालवणे म्हणजे बाजार आणि बँक, एका वेळी जेमतेम तीन किलोमीटर. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने मुलीकडे कराडला जातो, पण जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे घाट टाळला होता.

प्रश्न निर्माण झाला तो मागच्या आठवड्यात. महामार्गावरच्या एका पंपावर पेट्रोल भरताना तिथल्या मुलाने आपणहून बॉनेट उघडायला लावले, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून दाखवली आणि "काका, ऑइल अगदी तळाला गेलंय" असे सांगून २० डब्ल्यू ४० ग्रेडचा, म्हणजे दाट ऑइलचा, डबा पुढे केला. गाडीच्या पुस्तिकेत त्याहून पातळ ० डब्ल्यू २० लिहिले असल्याचे मला आठवत होते, म्हणून मी नको म्हटले. घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पाहिले, तर ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होते. मात्र बॉनेट उघडलेच आहे तर सगळेच पाहावे म्हणून पाहिले, आणि दोन गोष्टी खटकल्या. ब्रेक ऑइल गाडी घेतली तेव्हा वरच्या खुणेला टेकलेले होते, ते आता दोनेक मिलिमीटर खाली आले आहे. कूलंटही वरच्या खुणेपासून बरेच उतरून खालच्या खुणेच्या बोटभर वर आहे.

शेजारी म्हणतात की सगळे काठोकाठ भरून टाका, कमी असण्यापेक्षा जास्त बरे. सर्व्हिस सेंटरमध्ये फोन केला, तर "कशालाही हात लावू नका, वॉरंटी जाईल" एवढेच उत्तर मिळाले. या दोन टोकांच्या मध्ये नेमके काय करायचे, कोणते द्रव घरी भरायचे, कोणते फक्त पाहायचे आणि कोणत्या स्थितीत गाडी जागेवरच उभी करायची, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निळी_गाडी

वॉरंटीच्या भीतीबद्दल आधी. आपल्या पुस्तिकेत ऑइल आणि कूलंट कसे तपासायचे याचे चित्रासह पान असेल. कंपनीच मालकाला ते तपासायला सांगते. भरण्याची वेळ आली, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल घ्यावे, बिल जपून ठेवावे आणि त्यावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहावेत. चुकीचे ऑइल घातल्यामुळे बिघाड झाला, तर मात्र वाद होणारच. तुम्ही तो डबा नाकारलात हे उत्तम केलेत.

पाना_दहाबारा

मी कोल्हापुरात बावीस वर्षे गॅरेज चालवले, आता मुलगा पाहतो. पंपावरच्या प्रकारापासून सुरुवात करतो, कारण तो बहुतेकांच्या बाबतीत घडतो. डिपस्टिक पुसून परत घालताना ती शेवटपर्यंत न दाबता बोटभर वर ठेवली, की ऑइल कमीच दिसते. प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. इंजिन नुकतेच बंद केलेले असेल, तर बरेचसे ऑइल अजून वरच्या भागात असते आणि खाली उतरायला त्याला काही मिनिटे लागतात. म्हणून पंपावर पाहिलेली पातळी कधीच खरी धरू नये. सपाट जागा, बंद इंजिन, चिंधीने पुसलेली डिपस्टिक पूर्ण आत घालून पुन्हा बाहेर, ही पद्धत. काही कंपन्या इंजिन गरम करून पाच मिनिटांनी पाहायला सांगतात, काही थंड इंजिनावर. आपल्या पुस्तिकेत जे असेल तेच दर वेळी करावे, नाहीतर आजचे माप आणि मागच्या महिन्याचे माप यांची तुलनाच होत नाही.

तुमचे ऑइल मध्यावर आहे, म्हणजे ते ठीक आहे, भरू नका. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत थोडे ऑइल जळते, त्यात काळजीचे काही नाही. दोन खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास असते, लहान इंजिनांत त्याहूनही कमी. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने अख्खा लिटरचा डबा ओतला असता, तर पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली असती. मग इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, त्या ऑइलात आपटून ते फेसाळते, फेसाळ ऑइलाने पंपाला नीट दाब मिळत नाही, शिवाय जादा ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून जळणात जाऊन धूर होतो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. ऑइलच्या बाबतीत जास्त हे कमीइतकेच वाईट आहे. खरोखर खालच्या खुणेला पोहोचले, तर एका वेळी पाव लिटरच घालावे, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

आता ब्रेक ऑइल. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. ब्रेक पॅड झिजतात, तसा कॅलिपरमधला (चाकाच्या चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागातला) पिस्टन थोडा थोडा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे झालेल्या जागेत टाकीतले ऑइल उतरून बसते. हिशेब करून पाहा. पिस्टन पाच सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि पुढच्या चाकाचे दोन्ही पॅड एकेक मिलिमीटर झिजले, तर पिस्टन दोन मिलिमीटर सरकतो आणि तिथे सुमारे चार मिलिलिटर ऑइल जाते. दोन चाकांचे मिळून आठ. टाकीचा वरून दिसणारा पृष्ठभाग चाळीस चौरस सेंटिमीटर असेल, तर पातळी बरोबर दोन मिलिमीटर उतरते. कुंभार्ली घाट महिन्यातून दोनदा उतरणाऱ्या गाडीचे पॅड एवढे झिजणे स्वाभाविक आहे. ऑइल कुठेही गळलेले नाही, ते फक्त जागा बदलून बसले आहे.

म्हणून ते भरू नये. तुम्ही वरपर्यंत भरलेत, तर पॅड किती झिजले हे सांगणारी खूणच पुसली जाईल. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबतात, तेव्हा खालून परत आलेले ऑइल टाकीबाहेर सांडते, आणि ब्रेक ऑइल रंग खाते. झाकण तर उगाच उघडूच नये, कारण हे ऑइल हवेतली ओल ओढून घेते आणि ओल घेतलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे, ओल शिरल्यावर तोच १५५ अंशांवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापल्यावर हा फरक पायाखाली जाणवतो. टाकी अर्धपारदर्शक असते, बाहेरून पाहणे पुरेसे आहे.

याला अपवाद एकच. पातळी आठवड्याभरात डोळ्याला दिसेल इतकी उतरली, खालच्या खुणेजवळ आली, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, तर गाडी चालवत चिपळूणला न्यायची नाही. ती गळती असू शकते. फोन करून उचलून न्यायला सांगावे. काही गाड्यांत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो, त्यामुळे गळती शोधताना क्लचची बाजूही पाहावी लागते.

सोलापुरी_ऊन

कूलंटविषयी लिहितो, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात याच्यावाचून गाडीचे पान हलत नाही. पातळी नेहमी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना पाहावी. गरम कूलंट फुगून टाकीत वर चढलेले असते, थंड झाल्यावर खाली येते, त्यामुळे दुपारचे आणि सकाळचे माप जुळत नाही. आपण कोणत्या वेळी पाहिलेत? शिवाय नव्या गाडीत आत अडकलेली हवा पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडते आणि टाकीतली पातळी एकदा थोडी उतरते. तिथेच थांबली तर विषय संपला. टाकीवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करून महिनाभर पाहा.

भरायचे झाल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे, आधीच पाणी मिसळलेले तयार कूलंट घ्यावे. रंगावर जाऊ नये. हिरवे, लाल, निळे हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात, दोन हिरव्या कूलंटची रसायने वेगळी असू शकतात. अडचणीच्या वेळी थोडे डिस्टिल्ड वॉटर चालते, पण पुन्हा पुन्हा पाणीच घालत राहिले, की गंजरोधक द्रव्ये पातळ होतात. बोअरचे पाणी तर कधीच नको. माझ्या पहिल्या गाडीत मी तीन उन्हाळे तेच घातले आणि शेवटी रेडिएटर उघडला, तेव्हा आत चहाच्या जुन्या किटलीसारखा पांढरा थर होता. आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नये. आत दाब असतो, झाकण सुटताच उकळते पाणी अंगावर येते.

किनारा_गुहागर

सर्वांचे मनापासून आभार. कूलंट मी दुपारी, बाजारातून आल्यावर तासाभराने पाहिले होते, त्यामुळे आज सकाळी पुन्हा पाहिले. सकाळी ते खालच्या खुणेच्या अगदी थोडेच वर आहे. चिकटपट्टी लावली आहे.

पण आज आणखी एक गोष्ट दिसली आणि मी घाबरलो. ऑइल भरायचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूला ताकाच्या लोण्यासारखा पांढुरका फेस होता. डिपस्टिकवरचे ऑइल मात्र नेहमीसारखे मधाच्या रंगाचे आहे. इंटरनेटवर याचा अर्थ "हेड गॅस्केट गेले" (म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचे, ऑइल आणि कूलंट वेगळे ठेवणारे सील फाटले) असा वाचला. कूलंटही कमी आहे, तेव्हा दोन्हींचा संबंध असेल का?

पाना_दहाबारा

शंका रास्त आहे, कारण कूलंट ऑइलात मिसळले तरी असाच फेस दिसतो. पण तुमची माहिती पाहता मला दुसरे कारण अधिक वाटते. तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिनातले ऑइल पुरेसे तापतच नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत आतली वाफ थंड झाकणाला लागून पाणी होते आणि ऑइलाच्या कणांबरोबर घुसळली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये लांबचा एकही प्रवास नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. गॅस्केट गेले असते, तर डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ झाले असते, कूलंट दर आठवड्याला उतरले असते, तापमानाचा काटा चढला असता आणि धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत राहिला असता.

झाकण स्वच्छ पुसा, तयार कूलंट मधल्या पातळीपर्यंत भरा, आणि घाट सुरक्षित असेल तेव्हा एकदा कराडला जाऊन या. तासाभराच्या सलग प्रवासात ती ओल उडून जाईल. याच कारणासाठी कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटरची वाट न पाहता महिन्यांच्या हिशेबाने बदलावे लागते. अशा गाडीत न जळालेले पेट्रोलही ऑइलात उतरते. म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर तेही सर्व्हिस सेंटरला सांगावे.

बाकीचे थोडक्यात. काच धुण्याच्या टाकीत हवे तेव्हा भरा, फक्त भांड्यांचा साबण नको, कारण त्याचा फेस काचेवर ओघळतो. आपल्या गाडीत स्टिअरिंग विजेवर चालत असणार, त्याला ऑइल नसते. गिअरचे ऑइल सर्व्हिस सेंटरच पाहील.

किनारा_गुहागर

तीन आठवड्यांनी कळवत आहे. तयार कूलंटचा एक लिटरचा डबा आणला, त्यातले निम्म्याहून कमी लागले. नंतर दोनदा कराडला जाऊन आलो. झाकणाखालचा फेस परत आलेला नाही, कूलंट चिकटपट्टीच्या नव्या खुणेवर स्थिर आहे, आणि ऑइल होते तिथेच, मध्यावर आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण मी उघडले नाही, फक्त बाहेरून पाहतो. त्यात काही फरक दिसत नाही.

१०,००० च्या सर्व्हिसिंगला पुढच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून जॉब कार्डवर लिहायला सांगणार आहे.

पाना_दहाबारा

मागच्या ब्रेकचे लायनरही (तिथले झिजणारे अस्तर) पाहायला सांगा. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचे असेल, तर ती तारीख आताच पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण किलोमीटर कमी झाले म्हणून सर्व्हिस सेंटरवाले ते बऱ्याचदा पुढे ढकलतात.