सोसायटीच्या हॉलमध्ये जुने चित्रपट दाखवायला प्रोजेक्टर सुचवा (ठाणे, बजेट ४०,०००)

घोडबंदरकर
मंडळी, महिन्यातून एकदा जुने कृष्णधवल आणि थिएटरात आठवडाभरही न टिकलेले नवे मराठी चित्रपट दाखवायचा बेत आहे. तिकीट नाही. हॉल ३० बाय १८ फूट, छत ९ फूट, पश्चिमेला तीन खिडक्या, खाली टाइल्स. ४० खुर्च्या, निम्मे ज्येष्ठ. बजेट आवाजासकट ४०,०००, कमिटी वर एक रुपया देणार नाही. भाड्याने सांगतात दिवसाला ३,०००. काय घेऊ?

सीवूड्स_वेस्ट
४० हजारांत खेळणं येतं. लेझरच्या उजेडाचा ४के (दोन हजारांवर ओळींचं बारीक चित्र देणारा) घ्या, दीड-दोन लाखांचा. आमच्याकडे तोच आहे, दिवे चालू ठेवूनही स्वच्छ दिसतं.

रीळवेडा
बजेट वाचायची पद्धत आहे इथे. आणि जुन्या चित्रपटाची हाती लागणारी प्रत डीव्हीडीची, ५७६ ओळींची. तिला ४के काय करणार?
पडदा ८ बाय साडेचार फूट धरा, म्हणजे ३६ चौरस फूट. थिएटरात पडद्याच्या दर चौरस फुटाला १६ ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो, त्या हिशोबाने पूर्ण अंधारात ६०० ल्युमेन पडद्यावर पोचले तरी पुरे. पण सिनेमा मोडमध्ये खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मेच हाती लागतात आणि खिडकीचा उजेड काळ्याचं करडं करतो. म्हणून ३,००० च्या वर घ्या, तेही अ‍ॅन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले. '९,००० ल्युमेन' छापलेले स्वस्त एलईडी डबे प्रत्यक्षात काहीशे देतात.
शिवाय डीएलपी प्रकारचा प्रोजेक्टर नको. या किमतीतल्यात रंगांचं चक्र फिरतं, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा सदरा हलला की कडेला लाल-हिरव्या रेघा चमकतात. थ्रीएलसीडी प्रकार बघा, त्यात तिन्ही रंग एकदमच पडतात.

वागळे२२
त्या रेघा सगळ्यांना दिसत नाहीत, उगाच घाबरवू नका. एलसीडीत धूळ शिरली की पडद्यावर कायमचे डाग. घोडबंदरची धूळ माहितीये ना? डीएलपीच घ्या, माझा ठणठणीत आहे.

रीळवेडा
फिल्टर वेळेवर साफ केला तर नाही शिरत. ४० जणांत दोघांना जरी रेघा दिसल्या तरी त्यांचं डोकं दुखणार.

दादरला_बदला
एवढा खटाटोप कशाला? पेडर रोडला गुलशन महालाच्या आवारात चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या सभागृहांत चांगले कार्यक्रम होतात. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हेच करतंय. सभासद व्हा. दादरला पश्चिम रेल्वे पकडून ग्रँट रोडला उतरायचं.

कोपरखैरणे_सेक्टर
आमच्यासारख्यांनी आधी कुर्ला, मग दादर, मग ग्रँट रोड. मुंबईकरांना सगळं जवळच. इथे मॉलमालिकांत जुना चित्रपट परत लागला तरी शो सकाळी नऊचा नाहीतर रात्री पावणेअकराचा.

वागळे२२
गुडघे धरून जिना चढणारे ज्येष्ठ दादरचा पूल चढणार?

सेकंडहँड
ऑफिसातला जुना एक्सजीए (१०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा) प्रोजेक्टर घ्या, चौकोनी ४:३ वाला. जुने चित्रपट १.३७ च्या चौकटीतले (रुंदी उंचीच्या १.३७ पट), ४:३ वर जवळजवळ पूर्ण भरतात. रुंद प्रोजेक्टरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि सुमारे २३ टक्के उजेड वाया. आणि कृपा करून चित्र ताणून भरू नका, नटी जाडी दिसते. घेताना दिव्याचे तास मेन्यूत बघा, आणि पूर्ण पांढरी स्लाइड लावा. कोपऱ्यात पिवळट दिसलं तर नको.

सीवूड्स_वेस्ट
एक्सजीए? २०२६ मध्ये? लेझर घ्या हो.

आवाज_आधी
सगळे चित्रावर भांडताय. या हॉलमध्ये टाइल्स आणि उघड्या भिंती, संवाद घुमणार. ज्येष्ठ दहाव्या मिनिटाला उठतील ते याच कारणाने. जुना आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेचा, त्यामुळे दोन बाजूंना दोन स्पीकर नको. एकच, पडद्याच्या मध्याला लागून, डोक्यांच्या वर आणि किंचित खाली झुकवलेला. गणपतीतला पीए (लाउडस्पीकरचा संच) असेल तर चालेल, फक्त एको बंद आणि बेस उतरवा. ब्लूटूथ अजिबात नको, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. वायर जोडल्यावर गुरगुर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तोच गुन्हेगार.
पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट ठेवा. सबटायटल्स तिथेच असतात, खाली गेली तर पुढच्याचं टक्कल वाचावं लागतं. ४ अधिक साडेचार, साडेआठ फूट, तुमच्या छतात बसतं. खुर्च्या एकाआड एक सरकवा.

नियमबुवा
फुकट दाखवलं म्हणून हक्क सुटत नाहीत. ओटीटीचं आणि यूट्यूबचं खातं घरापुरतं. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० चा २०२० अखेर सुटला. कथा आणि गाण्यांचे हक्क वेगळे चालू असू शकतात. नव्या छोट्या चित्रपटांसाठी थेट निर्मात्याला पत्र लिहा, लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मागा. पुढे जमलं तर रीतसर फिल्म सोसायटी नोंदवा, अशा सोसायट्यांचं फेडरेशन १९५९ पासून आहे.

वागळे२२
आणि ओटीटी जुन्या व्हीजीए वायरने पाठवलं की कॉपीच्या बंदीमुळे पडदा काळा, सबटायटल्स फक्त दिसतात कधीकधी. एक्सजीएवाल्यांनी नोंद घ्यावी.

सेकंडहँड
नव्या एचडीएमआय वायरची सोय असलेले एक्सजीए मिळतात.

रीळवेडा
वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची ठेवा, मग खिडक्यांचा प्रश्नच उरत नाही.

आवाज_आधी
हेच. साडेसात.

सीवूड्स_वेस्ट
साडेसात बरोबर.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: प्रोजेक्टर विकत घेत नाही. एक चांगला स्पीकर, स्टँड आणि तीन खिडक्यांना ब्लॅकआउट पडदे घेतो, उरलेल्या पैशांतून पहिले चार-पाच खेळ भाड्याने. आणि वेळ रविवारी सकाळी साडेदहा. साडेसातला ज्येष्ठांच्या मालिका असतात, कोणीही येणार नाही.

रीळवेडा
सकाळी साडेदहा! मग पडदे खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा इंच जास्त आणि कडांना वेल्क्रो. वरच्या रॉडच्या फटीतून येतो तो उजेड थेट चित्राच्या पडद्यावर पडतो, तिथे लाकडी पट्टी ठोका. भाड्यावाल्याला आदल्या दिवशी एचडीएमआय वायरची लांबी विचारा, ते दीड मीटरची आणतात.

सीवूड्स_वेस्ट
लेझर असता तर पडदे लागलेच नसते.