अनुभव धागा: लाईन गेली, नेट रडलं, तरी चालणारा वेब डेव्हलपमेंटचा सेटअप

वावरातला_कोडर
काल भाचा नवा लॅपटॉप घेऊन आला, म्हणे मामा, यात काय काय टाकू? त्यावरून जुनं सगळं आठवलं. गावातल्या कृषी केंद्राची साइट केली तेव्हा नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही गच्चीवर टाकीपाशी गेलं तरच. एका प्रोजेक्टची पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे) उतरवली की दिवसाचा डेटा फस्त. तेव्हा लागलेली सवय अजून आहे: ती पॅकेजेस उतरवणाऱ्या 'एनपीएम सीआय' कमांडपुढे दोन डॅश देऊन 'प्रीफर-ऑफलाइन'. आधी उतरवलेलं कॅशमधून उचलते, नसेल तरच नेटवर जाते. मोठी रेपो (प्रोजेक्टचा कोड न् त्यातल्या बदलांचा इतिहास) असली तर 'गिट क्लोन'ला 'डेप्थ १' लावायचं, सगळा इतिहास घरी आणून काय करता! तुमचे जुगाड येऊ द्या.

पऱ्हाटी
व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) ऑटो सेव्ह 'आफ्टर डिले'वर ठेवा राजेहो. डिफॉल्ट १००० मिलिसेकंद आहे, तेवढं पुरते. माझा डेस्कटॉप जुना, वारं सुटलं की लाईन गेलीच समजा.

मोर्शीकर
संत्र्याच्या व्यापाऱ्याची साइट. मराठी मजकूर नीट सेव्ह व्हायचा, अन् एका गिऱ्हाइकानं ऑर्डरमध्ये संत्र्याचा इमोजी टाकला की 'इन्करेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू'. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं 'यूटीएफ८' एका कॅरेक्टरला ३ बाइटच देते. देवनागरी ३ मध्ये बसते, इमोजीला ४ लागतात. 'यूटीएफ८एमबी४' करा. नुसतं टेबल बदलून भागत नाही, कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तोच पाहिजे.

ठेचा_भाकर
मोर्शीकर भाऊ, आंबिया बहार कसा हाय यंदा?

मोर्शीकर
गळ लागली बाप्पा. विचारूच नको.

ठेचा_भाकर
आमच्याकडंबी तेच. जाऊ द्या, चालू द्या तुमचं कोडिंग.

जीव_गावात
मराठी साइट करणाऱ्यांनो, हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) देऊ नका हो! इंग्रजी टेम्प्लेट उचलतात, त्यात ते असतेच. शिरोरेषा जागोजागी तुटते, शब्द दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असली तर वरच्या वेलांट्या न् खालचे उकार एकमेकांत घुसतात, मी १.६ च्या खाली जातच नाही. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी, युनिकोड-रेंज यू+०९०० ते ०९७एफ, म्हणजे पानावर मराठी असेल तरच फाइल उतरते. आणि 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप', म्हणजे तोवर मोबाइलमधल्याच फॉन्टात मजकूर दिसते. खेड्यातल्या नेटवर फॉन्ट येईस्तोवर माणूस कोरं पान पाहत बसत नाही, बंद करते.

बाई_माणूस_कोडते
वरच्यांना +१. मजकूर मागितला की लोक कृतिदेवमध्ये (युनिकोड नसलेला जुना फॉन्ट) टाइप केलेली फाइल देतात. पेस्ट केलं की रोमन अक्षरांचा भुसा. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच डिझाइनला हात लावा. बाकी रात्री लिहिते, भाकरी तव्यावर आहे.

उन्हाळा४५
मे महिन्यात लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवता का कोणी? आमच्याकडे बिल्ड सुरू झालं की पंखा हेलिकॉप्टर होते.

पऱ्हाटी
तोंडाशी नको, ओल जाते आत. पहाटे काम करा, दुपारी झोपा. आपल्याकडं हाच सेटअप.

नवखा_दिग्रस
गिऱ्हाइकाला साइट त्याच्याच मोबाइलवर दाखवायची आहे. अजून होस्टिंग घेतलं नाही. कसं करू?

वावरातला_कोडर
वीट (Vite, लॅपटॉपवर साइट चालवून पाहायचं टूल) वापरतो ना? दोन डॅश देऊन 'होस्ट' लाव. लॅपटॉप न् मोबाइल एकाच हॉटस्पॉटवर ठेव, टर्मिनलमध्ये १९२.१६८ चा पत्ता येते, तो मोबाइलमध्ये टाक.

नवखा_दिग्रस
उघडलं! पण ऑफलाइन चालत नाही भाऊ. लॅपटॉपवर तर चालते.

जीव_गावात
चालणार नाहीच. ऑफलाइन चालवते ती सर्व्हिस वर्कर नावाची स्क्रिप्ट, तिला एचटीटीपीएस लागते, सूट फक्त लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनच्या स्वतःच्या पत्त्याला. अँड्रॉइड असेल तर यूएसबी डीबगिंग चालू कर, केबल लाव, लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:५१७३ टीसीपी:५१७३' मार. मग मोबाइलमध्येच लोकलहोस्ट:५१७३ उघड.

नवखा_दिग्रस
केबल चार्जिंगचीच निघाली, डेटा जात नाही तिच्यातून. उद्या बाजार आहे, आणतो.