दवाखान्यातून घरी आल्यावर: घरच्या ज्येष्ठांचा व्यायाम

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, पथ्य असतं आणि तळाशी एक ओळ: फिजिओथेरपी चालू ठेवा. गोळ्या वेळेवर दिल्या जातात, व्यायाम मात्र उद्यावर जातो. उतारवयात आठवडाभर जरी अंथरुणाला खिळलं, तरी मांड्यांची ताकद भराभर ओसरते. तुमच्याकडे काय जमलं, कशावर गाडी अडली? 'धीर सोडू नका' छापाचे सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

कोल्हापूर, सून
सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. पलंगावर टाच सरकवत गुडघा वाकवणं, घोटा वर-खाली करणं त्या निमूट करायच्या. उभं राहा म्हटलं की, "आता कुठं जायचंय मला?" दुखणं कमी, पडायची धास्ती जास्त. फिजिओताईंनी आल्या आल्या आमची खुर्चीच बाद केली, बुटकी आणि बिनहाताची होती ती. उंच, हातांची खुर्ची आणली. बूड पुढे सरकवायचं, पावलं मागे घ्यायची, पुढे झुकायचं आणि हातांवर जोर देऊन उठायचं. काखेत हात घालून ओढायला आम्हाला सक्त मनाई!

पण खरी चक्रं फिरली ती देव्हाऱ्यामुळे. खाली बसायला बंदी, म्हणून देव टेबलावर मांडले आणि पूजा त्यांच्याकडेच ठेवली. मग जास्वंदीपर्यंत जाणं आलंच. वॉकरला कापडी पिशवी अडकवली, फुलं त्यात. दोन्ही हात वॉकर धरायला मोकळे. मी फुलं आणून दिली तर रागावतात आता. (वॉकरची रबरी बुचं झिजली की फरशीवर घसरतात. तपासत जा.)

डोंबिवली, मुलगा
बाबांची बायपास. श्वासाचं तीन चेंडूंचं यंत्र मिळालं होतं, त्यात बाबा जोरजोरात फुंकत बसायचे. चेंडू श्वास आत ओढून उचलायचे असतात! खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, हे मात्र लगेच जमलं. चालायचं किती वेगाने? डॉक्टर म्हणाले, चालता चालता बोलता आलं पाहिजे. मग बाबांच्या मित्राने रोज संध्याकाळी फोन करायचा वसाच घेतला. सोसायटीत फेऱ्या आणि कानात राजकारणावरची भांडणं. वाक्य तुटायला लागलं की मित्रच ओरडतो, "बस आता बाकावर!" माझं कधी ऐकलं नसतं त्यांनी.

डब्लिन, मुलगी
आई नाशिकला. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसायचा आणि "झाला गं व्यायाम" ऐकू यायचं. आता फोन स्टुलावर, पाय दिसतील असा ठेवायला लावते.

पुणे, स्वतः पेशंट, वय ७९
आमचीही बाजू ऐका. माझ्यासमोर मुलगा सुनेला विचारतो, "यांचा व्यायाम झाला का?" अरे, मला विचार की! चार पावलं टाकली म्हणून टाळ्याही नकोत, मी बालवाडीत नाही. दुखतं म्हणून टाळत होतो, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी मीच डॉक्टरांना सांगितलं. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या थोडी आधी घ्यायला सांगितली, तेव्हापासून सुसह्य आहे.

नागपूर, फिजिओथेरपिस्ट
अंथरुणातून थेट उभं करू नका. पाय खाली सोडून थोडं बसू द्या, भोवळ येत नाही ना बघा, मग उठवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

डोंबिवली, मुलगा
लिफ्ट नसेल तर? मावशीचा गुडघा बदललाय, घर दुसऱ्या मजल्यावर.

नागपूर, फिजिओथेरपिस्ट
एका हाताने कठडा धरायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. साधा वॉकर जिन्यावर वापरायचा नाही. सोबतचा माणूस दोन्ही वेळा त्यांच्या एक पायरी खाली हवा, आणि मधल्या वळणावर जागा असेल तर एक खुर्ची ठेवा.