आरव्ही, लहान मूल आणि सामान: तुमचे अनुभव सांगा

जूनमध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीहून आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली घरवजा गाडी) भाड्याने घेऊन ग्रँड टीटन आणि यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्यानं करायचा बेत आहे. दहा दिवस, पंचवीस फुटी गाडी, आम्ही दोघं आणि लेक. तोवर तो अडीच वर्षांचा होईल. याद्या नेटवर ढिगाने आहेत. मला ऐकायचंय ते, काय न्यायचं राहिलं म्हणून पस्तावलात आणि काय उगाच वाहून नेलंत. विषयांतर चालेल.

सॅन होजे

सामानाचं नंतर बघा. आधी कारसीट कुठे बसणार ते विचारा आणि त्या जागेचा फोटो मागवा. जेवणाच्या टेबलाला दोन बाकं असतात, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. कारसीट पुढे तोंड असलेल्या बाकावरच लावायची, तीही तिथे नीट पट्टा असेल तर. आडव्या सोफ्यावर कधीच नाही. आम्हाला गाडी ताब्यात घेताना कळलं की बाकाला नुसता कमरेचा पट्टा आहे आणि कारसीटचा वरचा टेदर, म्हणजे सीट पुढे झुकू न देणारा पट्टा, अडकवायला जागाच नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "सगळे असेच नेतात." दोन तास हुज्जत घातली, तेव्हा दुसरी गाडी मिळाली.

आणि चालत्या गाडीत मागे जाऊन दूध गरम करू, असं मनात असेल तर ते विसरा. गाडी हलली की सगळे पट्ट्यात.

शिकागो

लेक तीन वर्षांची असताना यलोस्टोनला गेलो होतो. फिशिंग ब्रिजला जागा मिळाली तर सोडू नका. वीज, पाणी, सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेला पार्कातला गाड्या लावायचा तेवढाच एक तळ. अस्वलांमुळे तिथे तंबू चालत नाहीत. उंची साडेसात हजार फुटांच्या वर, त्यामुळे जूनमध्येही रात्री दात वाजतात. आईने बळेच कोंबलेलं लोकरीचं टोपडं मी सॉल्ट लेकच्या उन्हात शिव्या देत बाजूला टाकलं होतं. तिसऱ्या रात्री मीच शोधत होते.

आता खरी फजिती. पोरीचे डायपर नुकते सुटले होते. आरव्हीतल्या संडासाला पायाने पेडल दाबायचं असतं. दाबलं की तळाची झडप उघडते आणि खाली काळं भोक दिसतं. तिने एकदा वाकून पाहिलं आणि पुढचे चार दिवस त्या दाराकडे फिरकली नाही. घरची प्लास्टिकची पॉटी गॅरेजमध्ये राहिलेली. वाळूत खेळायची लाल बादली होती, तिच्यावर भागवलं. पॉटी न्या!

त्यात मी भर घातली. दोन-तीन ओले वाइप्स त्याच संडासात टाकले. पाकिटावर 'फ्लश होतात' असं लिहिलेलं होतं. संडासाखालची मैल्याची टाकी रिकामी करताना धार थांबली, मागे चार गाड्यांची रांग, आणि नवरा कोपरापर्यंत हातमोजे चढवून खाली बसलेला. तो एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. वाइप्स कचऱ्यातच टाका. कागदही तिथे लवकर विरघळणारा लागतो.

डॅलस

स्वयंपाकाचं सांगते. तळावरची तीस अँपची विजेची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॉट. एसी चालू, इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या कुकरमध्ये) खिचडी, आणि कुणीतरी मायक्रोवेव्ह लावला की खटका पडलाच.

फोडणी आत करू नका. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि धुराचा भोंगा केकाटला. बाळ दहाच मिनिटांपूर्वी झोपलं होतं. त्यानंतर फोडणी बाहेरच्या टेबलावर, छोट्या शेगडीवर. (अस्वलांच्या भागात खाण्याचं आणि वासाचं काहीही बाहेर ठेवून वळू नका, रिकामं पातेलंसुद्धा.) मेतकूट, गूळपापडी आणि पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या संपल्या. किलोभर भाजणी जशीच्या तशी घरी परत आली. थालीपीठ थापायचा उत्साह कुणाला असतो?

पुणे

आमचा अनुभव न्यूझीलंडच्या साउथ आयलंडचा. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, त्यामुळे तेवढं सोपं. तिथे सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला कारसीट सक्तीची आहे. पण खरी परीक्षा विमानतळावर. मध न्यायचाच नाही, बाकी खाण्याचं सगळं फॉर्मवर जाहीर करायचं. पिशवीत विसरलेलं एक सफरचंद ४०० न्यूझीलंड डॉलरच्या दंडाला पडू शकतं. आमचे डबे एकेक करून उघडले. मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणावं यावर आम्हा नवराबायकोचं तिथेच वाजलं. शेवटी "डाळीची भाजलेली पावडर" म्हणून सुटलं.

नाशिक

मी आजी म्हणून गेले होते. मला ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग दिला! शिडीने एकदा चढले, उतरताना सगळे देव आठवले. तिथे नातवालाही झोपवू नका, लोळून खाली येईल. टेबल पाडून पलंग होतो, त्यावर आम्ही दोघं झोपलो. एक जुनी सुती साडी आणि डझनभर कपड्यांचे चिमटे न्या. यलोस्टोनला रात्री नऊलाही उजेड असतो, मूल झोपायचं नाव घेत नाही. साडी दुहेरी करून खिडकीला लावली की झालं.

मूळ प्रश्न विचारणारा

काल फोटो मागवला. टेदर नाहीच. दुसरीकडे चौकशी सुरू केलीये, भाडं थोडं जास्त आहे. पॉटी आत्ताच बॅगेजवळ आणून ठेवली. आजी, साडी नऊवारी की सहावारी?