कॉमिकवरचा तो शिक्का कशाचा?

बर्डीवाला: नागपूरच्या बर्डीवर जुनं अमेरिकन कॉमिक मिळालं, कोपऱ्यात स्टॅम्पसारखा शिक्का आहे. सरकारी सेन्सॉर होता का तिकडे?

ऑरेंजसिटी: नाही भाऊ, सरकारी नव्हता. प्रकाशकांनीच १९५४ मध्ये कॉमिक्स कोड अथॉरिटी काढली, म्हणजे कॉमिक्स तपासणारी संस्था, शिक्का तिचाच. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात का यावर अमेरिकन सिनेटच्या सुनावण्या झाल्या ना त्याच वर्षी, सरकारनं कायदा करण्याआधी आपणच करू म्हणून. नावात 'हॉरर', 'टेरर' शब्दच बंद, व्हॅम्पायर-झोंबी बंद. शिक्का नसला तर वितरक माल उचलायचे नाहीत, खरी ताकद तिथं होती.

जुनीपानं: त्याच्याआधी प्रकाशकांचा १९४८ चा कोडपण (नियमावली) होता बरं का, लोक विसरून जातात. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, छळाची दृश्यं नको, घटस्फोटाची थट्टा नको, धर्म-वंशाची टिंगल नको. पण बरेच प्रकाशक आलेच नाही, म्हणून तो चालला नाही. मला तर १९५४ वाल्याचा राग येते, चांगल्या भयकथा मेल्या त्याच्यात.

बर्डीवाला: मग डेल प्रकाशनाच्या अंकावर शिक्का काऊन नाही?

जुनीपानं: डेल १९५४ च्या कोडात सामीलच झाली नाही, आमचा माल आधीच स्वच्छ आहे म्हणे. मार्व्हलनं तो कोड २००१ मध्ये सोडला, डीसी आणि आर्चीनं २०११ मध्ये. तुझ्या अंकाचा फोटो टाक ना.