कारल्यावरची माशी कुठली? दोन फोटो जोडलेत

प्रश्न (पेण)
परसातल्या मांडवावर कारली धरलीत, पण बोटाएवढं झालं की कारलं एका बाजूला पिवळं पडून वाकतं. चिरलं तर आत पांढऱ्या अळ्या. आंब्याला लावतो तो दापोलीचा रक्षक सापळा मांडवात टांगला. तीन आठवडे रोज माश्या पडताहेत, तरी कारली सडतातच. पहिला फोटो कारल्यावर बसलेल्या माशीचा, दुसरा सापळ्यातलीचा. मला दोन्ही सारख्याच दिसतात, पिवळट आणि कमरेत बारीक. बियाणं सासूबाईंच्या हातचं आहे. यंदा बी धरायला एक तरी कारलं पिकायला हवं.

उत्तर १
कमर बारीक आहे म्हणजे गांधीलमाशी असेल. ती अळ्या खायला येते, मारू नका.

उत्तर २
नाही, गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, इथे एकच आहे. ही फळमाशीच. पण ताई, तुमच्या दोन फोटोंत दोन वेगळ्या जाती आहेत. सापळ्यातलीची पाठ काळी आहे आणि तिच्या दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा. पंख जवळजवळ स्वच्छ, फक्त वरच्या कडेला बारीक तपकिरी रेघ. ही आंब्या-पेरूवरची, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. कारल्यावरची तांबूस आहे, पंखाच्या टोकाला मोठा डाग आणि मध्ये आडवी तपकिरी पट्टी. पाठ नीट दिसत नाही, तेवढी बघायला हवी. पोटावरच्या काळ्या टी आकारावर जाऊ नका, तो दोघींनाही असतो.
माशी बाटलीत धरून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. सुस्त झाली की पांढऱ्या कागदावर ठेवून बरोबर वरून फोटो काढा.

प्रश्नकर्ती
आज सकाळी सातला एक सापडली. फोटो जोडलाय. कडांच्या दोन पट्ट्यांखेरीज पाठीच्या मधोमध तिसरा पिवळा पट्टा आहे! पोटाचं टोक सुईसारखं आहे.

उत्तर २
तिसरा पट्टा दिसला म्हणजे नक्की झालं. ही काकडीवर्गातली फळमाशी, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. जुन्या पुस्तकांत हिलाही बॅक्ट्रोसेराच म्हटलंय. सुई आहे म्हणजे मादी, त्या सुईनेच ती सालीखाली अंडी घालते. तुमच्या सापळ्यात मिथिल युजेनॉल हे वासाचं आमिष आहे, त्याला आंब्यावरच्या माशीचे नर येतात, हिचे येत नाहीत. हिच्यासाठी क्यू ल्युर या दुसऱ्या आमिषाची गोळी मागा. तीही फक्त नरांना ओढते, म्हणून डंख झालेली कारली रोज तोडून पिशवीत घट्ट बांधा. मांडवाखाली टाकलीत तर अळ्या मातीत शिरून कोष करतात.

प्रश्नकर्ती
दुकानात मला 'फळमाशीला सगळीकडे हेच चालतं' असं सांगितलं होतं. तीन आठवडे गेले त्यात. उद्या क्यू ल्युर आणते. वरच्या तारेवरच्या दोन कोवळ्या कारल्यांना आत्ताच कागदी पिशव्या बांधल्या, ती बियांसाठी.